रीड-ओन्ली दिलं म्हणून काळजी मिटत नाही

टीमच्या चॅटमधून क्लाउडवरची कामं करणाऱ्या बॉटबद्दल ‘त्याला रीड-ओन्ली, म्हणजे फक्त वाचायची, परवानगी द्या आणि निर्धास्त राहा’ असं म्हणतात; हे मत मला अर्धंच पटलं. परवानगी नेमकी कोणाची वापरली जाते ते आधी बघा. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडसाठीच्या एडब्ल्यूएस चॅटबॉटमध्ये, म्हणजे २०२५ पासूनच्या अ‍ॅमेझॉन क्यू डेव्हलपरमध्ये, चॅनेल रोल (अख्ख्या चॅनेलला परवानग्यांचा एकच संच) ठेवला तर चॅनेलमधला प्रत्येक जण तोच रोल वापरतो, काल आलेला नवखासुद्धा. यूझर रोल (ज्याच्या त्याच्या वेगळ्या परवानग्या) आणि गार्डरेल पॉलिसी (परवानग्यांची कमाल मर्यादा) लावायचा कंटाळा करू नका. शिवाय बॉटने वाचलेले लॉग, म्हणजे सिस्टीमच्या नोंदी, चॅटमध्ये उमटतात. त्यात एखादं टोकन (पासवर्डसारखी गुप्त किल्ली) असलं तर ते सगळ्यांपुढे उघडं. आणि लॉगमध्ये बाहेरच्याने पेरलेलं वाक्य बॉट हुकूम समजू शकतो, हे तर कोणी बोलतच नाहीये! बदल हवा असेल तर बॉटने टेराफॉर्मची (क्लाउडची रचना कोडमध्ये लिहायचं साधन) पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदलाचा प्रस्ताव, उघडावी; मर्ज, म्हणजे तो मंजूर करून कोडमध्ये मिसळणं, माणसाने करावं.