लेथवर शाफ्ट टेपर येतोय, शनिवारी माल द्यायचाय, अर्जंट मदत हवी

वैतागलेला_टर्नर
लेथवर (कातकामाचं मशीन) शाफ्ट मारतोय, टेपर येतोय, म्हणजे एक टोक जाड, दुसरं बारीक. इन्सर्ट (कापणारं पातं) नवीन टाकला, फीड (टूल पुढे सरकायचा वेग) कमी केला, स्पीड वाढवून बघितला, सगळं करून झालं. ४० नग शनिवारी द्यायचेत आणि मागचे ६ पार्टीनं परत पाठवलेत. टेलस्टॉक (शाफ्टचं दुसरं टोक धरणारा भाग) बघा असं कृपया कुणी सांगू नका, तो बघितलाय. पोरगा पॉलिश पेपर मारून जाड बाजू उतरवतोय पण त्यात अर्धा दिवस जातो आणि हातमोजे घालूनसुद्धा हात भाजतात त्याचे. लवकर सांगा.

भोसरीकर
किती टेपर, किती लांबीत, जाड कुठली बाजू? मटेरियल काय? 'टेपर येतोय' एवढ्यावर कोण काय सांगणार.

जुना_फिटर
बाकीचं राहू दे. त्या पोराचे हातमोजे आत्ताच्या आत्ता काढ! फिरत्या जॉबवर (मशीनवरच्या तुकड्यावर) हातमोजे घालून पेपर मारायचा नसतो. कापड अडकलं की बोट सोडत नाही, हात आत जातो. माझं डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट अर्धं आहे, असंच गेलंय.

सीएनसी_भक्त
या जमान्यात मॅन्युअलवर ४० नग कोण मारतं. सेकंडहँड सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) बघा, प्रॉब्लेमच संपला.

वैतागलेला_टर्नर
@सीएनसी_भक्त पैसे तुम्ही देताय का?
@भोसरीकर ईएन ८ (स्टील), ४० मिमी डाया (व्यास), ३०० मिमी लांब. ०.०८ मिमी टेपर, टेलस्टॉककडची बाजू जाड. ड्रॉइंगला ०.०२ पर्यंतच चालतो.

बिनधास्त_मशिनिस्ट
हातमोजे नाही घातले तर चिपनं (धातूच्या किसानं) हात फाटतो काका. आम्ही वीस वर्षं घालतोय, काही झालं नाही.

जुना_फिटर
चिप हातानं काढायचीच कशाला? मशीन बंद करून हुकानं ओढायची. आणि पेपर जॉबला गुंडाळून धरायचा नाही, दोन्ही टोकं दोन हातात धरायची नाहीतर फाईलवर (कानशीवर) लावून दाबायचा. वीस वर्षं काही झालं नाही असं मीपण म्हणायचो.

शिरोलीचा_राजा
टेलस्टॉक तुझ्या बाजूला आण ०.०४. व्यासात ०.०८ उतरेल. विषय संपला.

भोसरीकर
थांबा, असं एकदम सांगू नका. टेलस्टॉक न लावता नुसत्या चकमध्ये (जॉब फिरवणाऱ्या पकडीत) धरून कट मारलाय का कधी? ४० चा बार, १५० बाहेर काढ, दोन्ही टोकांना कॉलर (जाड पट्टा) ठेव, मधला भाग थोडा खाली उतरव. मग हलका शेवटचा कट एकाच सेटिंगवर दोन्ही कॉलरवर ने आणि मशीन थांबवून माप. तिथंही टेपर आला तर टेलस्टॉकचा संबंध नाही.

वैतागलेला_टर्नर
मारला. १५० मध्ये ०.०४, बाहेरची बाजू जाड. म्हणजे तसंच. टेलस्टॉक मी कालच थोडा सरकवून ठेवला होता.

वाटेवरचा_वाटसरू
कूलंटला (कापताना सोडायचं तेल-पाणी) वास मारत असेल तर वर तरंगणारं तेल रोज काढत जा. आणि नवीन बनवताना पाण्यात तेल ओतायचं, तेलात पाणी नाही.

भोसरीकर
@वाटसरू कूलंटचं कुणी विचारलं?
@टर्नर मशीन हलवलंय का अलीकडे?

वैतागलेला_टर्नर
हो, मागच्या महिन्यात शेड बदललं. फाउंडेशन नाही अजून, मागच्या पायाखाली प्लायवूडचा तुकडा ठेवलाय, डगडगत होतं म्हणून. त्याचा काय संबंध?

शिरोलीचा_राजा
आरं मग हे आधी सांगायचं न्हाई व्हय!! सगळा दोष त्याचाच हाय.

भोसरीकर
हेच. बेडला (ज्यावरून कॅरेज, म्हणजे टूल धरणारा भाग, सरकतो) पीळ बसलाय. कॅरेज टेलस्टॉककडे जाताना टूल जॉबपासून लांब जातंय म्हणून तिकडं जाड राहतं. ०.०२ ची (मीटरला ०.०२ मिमी दाखवणारी) लेव्हल कुणाकडून तरी आण, साधी गवंड्याची चालणार नाही. बेडवर आडवी ठेव, एकदा चकजवळ, एकदा टेलस्टॉकच्या टोकाला, दोन्हीकडं बुडबुडा सारखाच यायला हवा. चकजवळच्या पायांना हात लावू नकोस, टेलस्टॉककडचेच हलव. तुझ्या केसमध्ये पुढचा, म्हणजे तू उभा राहतोस त्या बाजूचा पाय थोडा वर किंवा मागचा खाली. हलवलं की परत कॉलर मारून बघ. ते जमलं की मगच टेलस्टॉकला डायल (बारीक फरक दाखवणारं घड्याळ) लावून परत सेंटरवर आण, कारण तो तू बिघडवून ठेवलायस.

सीएनसी_भक्त
सीएनसीलापण लेव्हलिंग लागतंच म्हणा.

वैतागलेला_टर्नर
लेव्हल मिळाली शेजारच्या शेडमधून. मागचा पाय बराच वर होता. खाली घेतला, कॉलरवर ०.०१ आलं. थँक्स सगळ्यांना. पोराचे हातमोजे काढायला लावले, तो रुसलाय.

वैतागलेला_टर्नर
आज सकाळी परत ०.०३. काल रात्री तर बरोबर होतं!!

भोसरीकर
प्लायवूड काढलंस का?

वैतागलेला_टर्नर
नाही, पातळ केलं फक्त.

जुना_फिटर
लाकूड मशीनच्या वजनानं दबत जातं रे. एमएसची (लोखंडी) प्लेट टाक खाली. आणि बोल्ट आवळल्यावर लेव्हल परत बघ, आवळतानाही हलतं ते.

वैतागलेला_टर्नर
प्लेट टाकली. ३०० मध्ये ०.०१५ येतोय, दोन शाफ्ट मारून बघितले. शनिवारचं काही जमत नाही, बुधवार सांगितलाय, पार्टी फोनवर ओरडली. @वाटसरू ते कूलंटचं परत सांगा, वास खरंच येतोय.