अनुभव धागा : इगतपुरी आणि भोवतालचा मुलूख

पाऊस धरला की नाशकात रविवारी कुठे जायचं यावर चर्चा होत नाही. निम्मं शहर इगतपुरीजवळच्या भावली धरणाला निघतं. दुपारी धरणाच्या रस्त्यावर गाड्यांची अशी रांग लागते की धबधबा पुढच्या गाडीच्या टपावरूनच बघावा लागतो. इगतपुरी गावात मात्र कुणी उतरत नाही. तर गावात उतरून, आसपास पायी फिरून कुणी काय पाहिलं ते इथे लिहा. रिसॉर्टच्या स्विमिंग पुलाची वर्णनं नकोत, त्यासाठी जाहिराती आहेत.

सुरुवात मीच करतो. त्रिंगलवाडी. गावापासून जवळच किल्ला आहे, पण किल्ल्याआधी पायथ्याची जैन लेणी बघा. दाराच्या चौकटीवर बारीक कोरीवकाम आहे. आत अंधाराला डोळे सरावले की ऋषभदेवांची भंगलेली मूर्ती दिसते. तिथल्या शिलालेखात शके 1266 आहे, म्हणजे इसवी सन 1344. वरच्या टप्प्यात कातळात खोदलेल्या पायऱ्या आहेत आणि दरवाजाजवळ भिंतीत कोरलेला भलामोठा मारुती. पावसात त्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, तेव्हा दसऱ्यानंतर जा. खुरासणी फुललेली असते, उतार पिवळेधमक होतात.

नाशिकरोडकर

मी डोंगर चढणाऱ्यातला नाही. सकाळी पंचवटी एक्सप्रेस पकडतो, इगतपुरीला उतरतो, फलाटावर वडापाव खातो आणि गाड्या बघत बसतो. घरचे हसतात, हसू देत.

कसारा-इगतपुरी चढ 1:37 आहे. म्हणजे 37 फूट पुढे गेलं की गाडी फूटभर वर चढते. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं लावतात आणि ती इथे सोडतात. फलाटाच्या कसारा टोकाला उभं राहिलात तर हा सगळा कार्यक्रम समोर घडतो. गाडी थांबते, माणूस खाली उतरतो, पाइप सुटतात, कपलिंग निघतं आणि इंजिनं पुन्हा घाट उतरायला मोकळी. पूर्वी डीसी विजेवरचं इंजिन काढून एसी विजेवरचं लावायलाही गाड्या इथेच थांबायच्या, त्यामुळे चहावाल्यांची चंगळ होती. 2023 पासून धावणारी शिर्डी वंदे भारत मात्र बँकरशिवाय चढते. मला ते अजून खरं वाटत नाही.

घोटीची सून

बाहेरून येणाऱ्यांना आमच्याकडचा पाऊस दिसतो, मला त्यांना पाण्याचा हिशेब सांगायचाय. दारणा धरणाचं पाणी गोदावरीतून खाली जायकवाडीकडे जातं. तिकडे वैतरणेचं पाणी मुंबईच्या नळाला. मधे बसलोय आम्ही. जुलैत घराच्या भिंतींना ओल येते, आणि एप्रिल-मे उजाडला की वरच्या वाड्यांवरच्या बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघत असतात. हे एकदा उन्हाळ्यात येऊन बघाच. त्याच दिवसांत रस्त्याकडेला पानांच्या द्रोणात करवंदं, जांभळं विकायला असतात. भाव न करता घ्या.

आणि ते आवणीचं. गुडघाभर चिखलात वाकून रोपं लावणाऱ्या बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. माझ्या सासूबाईंचा असाच एक फोटो कुणाच्या तरी मोबाइलमध्ये फिरत असेल. बांधावर उभं राहून 'मावशी, इकडे बघा' म्हणायचं आणि निघून जायचं, ही कुठली रीत? बोला की दोन शब्द. राब (रोपांसाठीची जमीन) कधी भाजला, रोप पुरलं का, भात इंद्रायणी लावलाय की कोळपी, हे विचारलंत तर तीच मावशी चहाला घरी नेईल. नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी मिळाली तर नशीब समजा. जाताना घोटीच्या गिरणीवरून तांदूळ न्या, पण नवा तांदूळ असेल तर पाणी कमी घाला, नाहीतर भाताचा गोळा होतो.

सिडकोतला भटक्या

कळसूबाईबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. 1646 मीटर, राज्यातलं सर्वात उंच शिखर. चढाई बारी गावातून, म्हणजे जिल्हा अहिल्यानगर, पण आम्ही नाशिककर घोटीमार्गेच जातो. शिड्या आहेत त्यामुळे भीती नाही, मात्र पावसाळी शनिवार-रविवारी त्याच शिड्यांवर रांग लागते. वर कळसूबाईचं छोटं देऊळ. मी तरी सप्टेंबर अखेरीस, मधल्या वारी जातो. सोनकी फुललेली असते आणि हवा मोकळी असली तर अलंग-मदन-कुलंग हे किल्ले ओळीने दिसतात. त्या तिघांच्या वाटेला मात्र दोर आणि जाणकार सोबत असल्याशिवाय जाऊ नका.

मौनवाला

धम्मगिरीला दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात होतो. पहाटे चारला घंटा, फोन जमा, कुणाशी बोलायचं नाही. फी नाही, शेवटी इच्छा असेल तर दान. इगतपुरीचं काय पाहिलं म्हणाल तर एक डोंगर आणि त्यावरचे ढग. मला तेवढं पुरलं. आत काय होतं ते लिहीत नाही, ज्याचं त्याला कळतं.

पंचवटीतली आजी

हे सगळं तरण्याताठ्यांचं झालं. गुडघे दुखणाऱ्यांनी काय करावं? नातवाला विचारलं तर तो रिसॉर्ट म्हणतो.

घोटीची सून

आजी, महामार्ग स्थानकावरून एसटी धरा. आधी घाटनदेवी, रस्त्यालगतच आहे, चढ नाही, आणि देवळामागे उभं राहिलं की सगळा घाट खाली दिसतो. नवरात्रात नका येऊ, जत्रेची गर्दी असते. दुसऱ्या दिवशी टाकेदला जा, जटायूचं तीर्थ. तिथून परतताना कावनईला कपिलधारा. किल्ल्यावर चढायची गरज नाही, तीर्थ खालीच आहे. टाकेद-कावनईला खासगी रिक्षा ठरवा, भाडं आधी बोलून घ्या, आणि दुपारच्या आत निघा, कारण तीननंतर धुकं उतरलं की समोरचा माणूस दिसत नाही.