मदत हवी आहे: टिकाऊ आणि आवाजाला चांगला इलेक्ट्रॉनिक ड्रम सेट

नमस्कार मंडळी,

इलेक्ट्रॉनिक ड्रम सेट बदलायचा आहे. महिनाभर वाचतेय, ऐकतेय, दोन-तीन सेट वाजवूनही पाहिले, तरी निर्णय होत नाही. इथे वर्षानुवर्षं वाजवणारे आणि पॅड उघडून दुरुस्त करणारेही आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी जुन्या सेटबद्दल, कारण माझ्या सगळ्या शंका तिथूनच आल्यात. रबरी पॅडचा, नवशिक्यांसाठीचा सेट होता. सहा वर्षं रोज तासभर वाजवला. दुसरं वर्ष सरता सरता हाय-हॅटचं, म्हणजे पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांच्या जोडीचं, पेडल बिघडलं. पूर्ण उघडं किंवा पूर्ण बंद, एवढंच उरलं; अर्धवट दाबल्यावर येणारा तो सळसळता आवाज गेला. मग रॅकचा, म्हणजे पॅड बसवायच्या सांगाड्याचा, एक प्लास्टिकचा क्लॅम्प तडकला आणि टॉम खाली झुकायला लागला. चौथ्या वर्षी स्नेअरची (मुख्य ठोक्यांच्या ड्रमची) रिम, म्हणजे कडा, वाजेनाशी झाली. शेवटी क्रॅश झांजेची कड बिघडली: स्टिक पडली की आवाज निघताक्षणी तुटायचा, जणू कोणी झांज हाताने धरून ठेवलीय. मॉड्यूल, म्हणजे आवाज तयार करणारा डबा, मात्र आजही ठणठणीत आहे.

हे मला महत्त्वाचं वाटतं. विकत घेताना आपण मॉड्यूलमधले आवाज ऐकत बसतो, मोडतं ते पेडल, क्लॅम्प, तार आणि रबर. या वेळी उलट्या बाजूने विचार करायचा आहे.

आवाजाबद्दलही माझं मत बदललंय. पूर्वी वाटायचं, चांगला आवाज म्हणजे शंभर तयार किट आणि त्यात मोठ्या सभागृहाची गुंज. आता मी फक्त स्नेअर ऐकते. डावा हात अगदी हलका ठेवून दोन मुख्य ठोक्यांच्या मधले घोस्ट नोट वाजवते. ते ऐकू आले, तेही एकसारखे न येता हाताच्या वजनाप्रमाणे लहान-मोठे आले, तर सेट जिवंत वाटतो. जुन्या सेटवर ते एक तर गायब व्हायचे, नाही तर एकदम मोठे यायचे. रोल (सलग झपाझप ठोके) वाजवला की तोच एक नमुना पुन्हा पुन्हा वाजून मशीनगन ऐकल्यासारखं व्हायचं. त्यामुळे माझा हात बिघडला, असं मला मनापासून वाटतं. हलकं वाजवून उपयोग नाही म्हटल्यावर मी सगळंच जोरात वाजवायला लागले, आणि खऱ्या ड्रमवर बसले तेव्हा ते लगेच उघडं पडलं.

सेट दोघं वाजवणार. मी आणि अकरा वर्षांचा भाचा. त्याचा हात जड आहे. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो आणि खाली माणसं राहतात, त्यामुळे किकचा (पायाने वाजवायच्या ड्रमचा) धक्का हा वेगळा प्रश्न आहे.

यादी आता तीनवर आणलीय. रोलँडची टीडी-१७ मालिका, यामाहाची डीटीएक्स६ मालिका आणि अलेसिसचा नायट्रो मॅक्स. तिसरा खिशाला सगळ्यांत हलका, म्हणून मोह होतो. १० इंची मेश (जाळीचं हेड असलेला) स्नेअर आहे, टॉम ८ इंची, तेही मेश. पण त्याच्याकडे पाहिलं की मला जुना क्लॅम्प आठवतो.

विचारायचं असं, की पॅड आणि रॅक पाहून सेट किती टिकेल हे कसं ओळखायचं? मेश घ्यावा की सिलिकॉन? आवाजासाठी मॉड्यूलवर जास्त खर्च करावा, की कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरवर भागवावं? कोणी दोन जणांच्या रोजच्या वापरात चार-पाच वर्षं सेट चालवला असेल, तर नेमकं काय गेलं आणि काय टिकलं, तेही लिहा.

प्रतिसाद: आधी पॅड उघडून पाहा

ताई, तुमचं निदान बरोबर आहे. मी हौसेने पॅड दुरुस्त करतो, त्या अनुभवावरून सांगतो.

बहुतेक पॅडच्या पोटात पिएझो असतो. पितळेची पातळ चकती, तिच्यावर सिरॅमिकचा थर, साधारण २७ किंवा ३५ मिलिमीटर व्यासाची. ठोका बसला की ती कंप पावते आणि तेवढ्यापुरता विजेचा दाब तयार होतो. मॉड्यूल त्याचं शिखर मोजून १ ते १२७ यांतला एक आकडा ठरवतं. चकती सहसा मरत नाही, तिच्यावर डाग दिलेली तार सुटते. तुमच्या स्नेअरच्या रिमचं बहुधा हेच झालं असणार. दहा मिनिटांचं काम आहे. जुना सेट टाकू नका.

पेडलमध्ये बहुतेक वेळा दाबाप्रमाणे विद्युतरोध बदलणारी पट्टी आणि तिला दाबणारा रबरी तुकडा असतो. रबर झिजतो, पट्टीवर मळ बसतो, आणि मधल्या अवस्था हरवतात. म्हणून माझं स्पष्ट मत: जोर लावायचा तर हाय-हॅटवर लावा. खऱ्या स्टँडवर बसणारा, वर-खाली होणारा हाय-हॅट पॅड असलेला सेट बघा. टीडी-१७ मालिकेतल्या केव्हीएक्समध्ये तो येतो. पायाला खरी चाल मिळते.

क्रॅशचं दुखणं वेगळं. चोकसाठी, म्हणजे झांज हाताने धरून आवाज थांबवता यावा म्हणून, कडेखाली एक पातळ पट्टीसारखा स्विच असतो. तो दबून चिकटला की मॉड्यूलला वाटतं तुम्ही झांज धरून ठेवलीय. झांज विंगनटने करकचून आवळली आणि ती डोलेनाशी झाली, की प्रत्येक फटका कडेला जास्त सोसावा लागतो. भाच्याला पहिल्याच दिवशी सांगा, झांज डोलली पाहिजे.

पाहणी करताना पॅड उलटा करा. मेशला धातूची रिम, ताण देण्याचे स्क्रू आणि नेहमीच्या मापाचं हेड असेल, तर मेश फाटला तरी नुसतं हेड बदलता येतं. पूर्ण पॅड साच्यातून काढलेला, कुठेही स्क्रू नाही, असं दिसलं तर बिघडल्यावर तो फेकायचाच. केबलही बघा. प्रत्येक पॅडला स्वतंत्र वायर असेल तर एक वायर गेली की एकच बदलायची. सगळ्या वायरी एका जाड जुडग्यात एकत्र येऊन अनेक पिनांच्या कनेक्टरने मॉड्यूलला लागत असतील, तर तो कनेक्टर सरळ धरून लावा आणि पुन्हा पुन्हा काढू नका. पिन वाकते.

प्रतिसाद: मेश की सिलिकॉन

मी दोन्हींवर काही वर्षं वाजवलंय. १९८१ साली आलेल्या सिमन्स एसडीएस-५ चे षटकोनी पॅड इतके कडक होते की वाजवणाऱ्यांची मनगटं दुखायची. रोलँडने रेमोबरोबर तयार केलेले मेश हेड १९९७ मध्ये व्ही-ड्रम्सबरोबर बाजारात आणले, तेव्हा हातांची मोठीच सुटका झाली. मेश शांत आहे, ताण कमी-जास्त करता येतो. दोष एकच: स्टिक खऱ्या कातड्यापेक्षा जास्त उसळते. रोल फुकट मिळतो आणि बोटं आळशी होतात. ताण थोडा उतरवला की बरंच सुधारतं.

यामाहाचं टेक्सचर्ड सिलिकॉन मेशपेक्षा कमी उसळतं, मला खऱ्या स्नेअरच्या जवळचं वाटतं. फाटायची भीती नाही. पण मेशइतकं शांत नाही, आणि पृष्ठभाग खराब झाला तर हेड बदलण्याइतकं ते सोपं नाही. डीटीएक्स६ च्या तिन्ही प्रकारांत मॉड्यूल एकच आहे, डीटीएक्स-प्रो. किंमत बदलते ती पॅडमुळे. कंपनी स्वतःच सांगतेय पैसा कुठे जातो ते.

मेश घेतलात तर स्टिकच्या टोकाकडे लक्ष ठेवा. लाकडी टोक चिरफाळलं की जाळी कातरली जाते. नायलॉन टोकाच्या स्टिक वापरा, आणि खऱ्या ड्रमवर वापरलेली खडबडीत जोडी इकडे आणू नका. जड हाताच्या मुलाला तीनपदरी मेश जास्त मानवतो.

प्रतिसाद: आवाज कॉम्प्युटरवर सोपवता येतो, हात नाही

सॉफ्टवेअरबद्दल विचारलंय म्हणून लिहितो. सुपीरियर ड्रमर, ॲडिक्टिव्ह ड्रम्स, बीएफडी यांत एकेका ड्रमचे जोराप्रमाणे अनेक थर ध्वनिमुद्रित केलेले असतात, आणि एकाच जोराचेही अनेक नमुने आलटून-पालटून वाजतात. तुम्ही म्हणता ती मशीनगन तिथे जवळपास नाहीशी होते. पण त्यांना मॉड्यूलकडून आकडाच चुकीचा मिळाला, तर ते काही करू शकत नाहीत. हलका ठोका मॉड्यूलला कळलाच नाही, तर पुढे कितीही भारी सॉफ्टवेअर असो, शांतताच वाजणार. म्हणून वरच्यांचंच म्हणतो: पैसा पॅड आणि ट्रिगरिंगवर (ठोका अचूक ओळखण्यावर) लावा, आवाज नंतर वाढवता येतो.

ठोका आणि कॉम्प्युटरमधून येणारा आवाज यांतल्या उशिराचं गणित समजून घ्या. ४८,००० हर्ट्झवर बफर (एका वेळी साठवायचा आवाज) १२८ नमुन्यांचा ठेवला तर साधारण २.७ मिलिसेकंद, २५६ वर ५.३. इंटरफेस आणि ड्रायव्हर त्यात थोडी भर घालतात. आवाज हवेत एका मिलिसेकंदात जेमतेम ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे ५ मिलिसेकंदांचा उशीर हा ड्रम पावणेदोन मीटरवर ठेवल्यासारखा. हात तेवढं सावरून घेतो. १० च्या पुढे लय जड वाटायला लागते. ब्लूटूथ हेडफोन मात्र वाजवताना अजिबात नको, तो उशीर सावरता येत नाही. तारेचे, कान पूर्ण झाकणारे हेडफोन घ्या. सेट निवडण्याआधी मी हेडफोन निवडेन, इतका फरक पडतो.

आणि आहे त्या मॉड्यूलच्या सेटिंगमध्ये जा. थ्रेशोल्ड (किती हलका ठोका मोजायचा ती मर्यादा) हळूहळू खाली आणा. पॅड आपोआप वाजायला लागला की एक पायरी वर. टॉम वाजवल्यावर क्रॅश बोलत असेल तर क्रॉसटॉक (एका पॅडचा ठोका दुसऱ्याला लागणं) रोखणारं सेटिंग वाढवा. अर्धे लोक हे न करताच सेटला नावं ठेवतात.

प्रतिसाद: किकबद्दल

खालच्या मजल्यावर पोचतो तो हवेतला आवाज नसतो, पायाचा धक्का असतो, तो जमिनीतून जातो. गालिचा पुरत नाही. दोन जाड फळ्यांच्या मध्ये टेनिसचे चेंडू बसवून केलेला चौथरा खूप काम करतो. फक्त तो भिंतीला टेकता कामा नये, नाहीतर धक्का तिकडून उतरतो. मेश पॅडने हातांचा आवाज कमी होतो आणि मग लक्षात येतं की झांजांचं रबरच जास्त टकटकतंय.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. काल तुमचे प्रतिसाद छापून दुकानात नेले आणि दोन तास पॅड उलटे करत बसले.

तयार किटला हातच लावला नाही. साधा स्नेअरचा आवाज ठेवला, परिणाम सगळे बंद केले. आधी अगदी हलके एकेरी ठोके, मग ते हळूहळू वाढवत नेले. मग मध्यापासून कडेपर्यंत एकाच जोराने. एका सेटवर मधोमध ठोका मारला की आवाज उसळून मोठा येत होता. पॅडच्या मध्याखाली फोमचा शंकू आणि त्याखाली सेन्सर असला की असं होतं, हे मला तिथे कळलं. टीडी-१७ केव्हीएक्सवर १२ इंची स्नेअरमुळे घोस्ट नोट आणि रिमशॉट (मध्य आणि कडा एकदम) दोन्ही निवांत वाजवता आले. मग हाय-हॅट. पाय हळूहळू उचलत आठ मात्रा वाजवल्या आणि तो मधला, सळसळणारा आवाज चार वर्षांनी पुन्हा ऐकला. मी तिथेच थांबले थोडा वेळ.

यामाहाचं सिलिकॉन मलाही आवडलं, मनगटाला खरंच नैसर्गिक वाटलं. भाच्याला मेश आवडला. नायट्रो मॅक्सचे आवाज त्याच्या वर्गाच्या मानाने फारच चांगले निघाले. एकट्या मुलाला शिकायला घ्यायचा असता तर बिनदिक्कत घेतला असता. दोघांच्या रोजच्या वापराला मात्र नाही.

तर कल टीडी-१७ केव्हीएक्सकडे आहे. नवा परवडताना ओढाताण होतेय. तीन वर्षं वापरलेला एक सेट मिळतोय, मालक म्हणतात फक्त घरी वाजवलाय. जाऊन काय काय तपासू?

प्रतिसाद: वापरलेला घेताना

स्वतःचे हेडफोन आणि स्टिक घेऊन जा. प्रत्येक पॅडचा प्रत्येक भाग वेगळा वाजवा, स्नेअरची रिम चारही बाजूंनी. प्रत्येक झांज कडेला मारून हाताने धरा, आवाज थांबला पाहिजे. सोडून पुन्हा मारा, पूर्ण वाजला पाहिजे. हाय-हॅटचा पाय अगदी सावकाश उचला, आवाज मध्ये कुठे उडी मारतोय का ते ऐका. वाजवताना एकेक वायर जॅकपाशी हलकेच हलवा. मेशवर तिरपा उजेड पाडून मध्यभागी पांढुरके ठिपके दिसतात का बघा. दिसले तर नव्या हेडचे पैसे कमी करून मागा. क्लॅम्पचे कान नखाने चाचपा, चीर डोळ्यांआधी नखाला लागते. अडॅप्टर मूळचाच आहे ना, हे विचारा. प्लग बसतो म्हणून दुसरा लावला आणि धन-ऋण उलटं असलं, तर मॉड्यूल जाऊ शकतं.

तिथे तासभर तरी वाजवा. काही दोष गरम झाल्यावरच दिसतात. भाच्यालाही सोबत न्या.