बेओवुल्फचा शेवट: राजाची स्तुती की टोचणी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

इंग्रजी साहित्य शिकवणारे किंवा हौसेने वाचणारे इथे बरेच आहेत, म्हणून विचारते. सध्या 'बेओवुल्फ' वाचतेय, अर्थात आजच्या इंग्रजीतल्या भाषांतरातून. बेओवुल्फ हा योद्धा पुढे राजा होतो, त्याची ही कथा. ३१८२ ओळींचं काव्य, हस्तलिखित इ.स. १००० च्या आसपासचं, तेही १७३१ च्या आगीत कडांनी होरपळलेलं. भाषा जुनी इंग्रजी, पण गोष्ट डेन्मार्क-स्वीडनकडची. राक्षस, ड्रॅगन वगैरे ठीक. मी अडकलेय ती राजाच्या गुणांपाशी.

सुरुवातीलाच कवी सांगतो की राजपुत्राने बाप हयात असतानाच सढळ हाताने द्यावं, म्हणजे पुढे युद्ध आलं की माणसं पाठीशी उभी राहतात. काय रोखठोक हिशेब! सोन्याची कडी वाटतो तो चांगला राजा. हेरेमोड हा जुना डेनिश राजा वाईट, कारण तो काही देईना, उलट पंगतीतल्या आपल्याच माणसांना मारू लागला. त्याचाच दाखला देऊन डेन लोकांचा म्हातारा राजा ह्रॉथगार तरुण बेओवुल्फला बजावतो की गर्वाच्या नादी लागू नकोस, हे बळ थोड्याच दिवसांचं. (भाषण लांबलचक आहे, पण मला सगळ्यात आवडलं तेच.)

घोडं पेंड खातंय ते शेवटी. ५० वर्षं राज्य केल्यावर बेओवुल्फ ड्रॅगनवर जातो. सोबतच्या योद्ध्यांना म्हणतो, हे काम तुमचं नाही, माझ्या एकट्याचं. बाका प्रसंग येताच १० जण रानात पळतात, एकटा विग्लाफ, त्याचा तरुण नातेवाईक, धावून जातो. म्हणजे देण्याघेण्याचा तो हिशेब इथे पार फसला! राजा मरतो, मागे मुलगा नाही, शत्रू आता चालून येणार हे दूत लगेच सांगतो. विग्लाफ तर स्पष्टच म्हणतो की एकाच्या इच्छेपायी अनेकांना भोगावं लागतं. ड्रॅगनच्या वाटेला जाऊ नका असं आम्ही सांगत होतो, राजाने ऐकलं नाही, हेही तोच म्हणतो. पण ड्रॅगनने तोवर राजाचा वाडासुद्धा जाळला होता. हातावर हात ठेवून बसायचं होतं का?

आणि तरी थडग्याभोवती घोडे फिरवणारे १२ वीर म्हणतात, जगातल्या राजांमध्ये तो सर्वांत सौम्य, प्रजेवर सर्वांत माया करणारा आणि कीर्तीसाठी सर्वांत आसुसलेला. हे शब्द त्यांच्या तोंडचे आहेत, म्हणजे राजाच्या कीर्तीची किंमत ज्यांना मोजायची आहे त्यांच्याच. कवीचंही मत तेच का?

इंग्लंडमधल्या ९९१ च्या मॉल्डनच्या लढाईवरच्या जुन्या इंग्रजी काव्यात असा प्रश्न पडत नाही. एसेक्सचा सरदार बिर्तनॉथ व्हायकिंगांना ओहोटीत उघड्या पडणाऱ्या वाटेवरून अलीकडे येऊ देतो, आणि गर्वापोटी त्याने जास्तच जमीन दिली असं कवी स्वतः सांगतो. लेखक आणि जुन्या इंग्रजीचे अभ्यासक टॉल्कीन यांनी १९५३ मध्ये बिर्तनॉथवर ठपका ठेवला, तो मला पटतो. पण तोच न्याय बेओवुल्फला लावायला मन घेत नाही.

तर, विग्लाफचं वाक्य दोष म्हणून वाचायचं की शोकात निघालेला उद्गार म्हणून? आणि कवी ख्रिस्ती, पात्रं त्याआधीच्या काळातली; मग कीर्तीची ही ओढ त्याच्या श्रोत्यांना गुण वाटली असेल का? मूळ जुनी इंग्रजी वाचता येणाऱ्या कुणी शेवटच्या शंभरेक ओळींबद्दल लिहिलंत तर फार बरं होईल. या काव्यावर मराठीत कुठे लेखन असेल तर तेही सुचवा.