टीम खाजगी, नफा खाजगी, मग अरेनाला पैसा करदात्यांचा का?

खेळवेडा

मंडळी, ग्रुपवर यावरून कालपासून नुसती हाणामारी चालू आहे म्हणून इथे विचारतोय. प्रोफेशनल टीमचा मालक अब्जाधीश, खेळाडूंच्या पगाराचे आकडे ऐकून आपल्याला घेरी येते, टीव्हीच्या हक्कांचा पैसा वेगळाच, आणि नवीन अरेना (छत असलेलं बंदिस्त क्रीडागृह) किंवा स्टेडियम बांधायची वेळ आली की हात कुणापुढे पसरायचा तर सरकारपुढे. अमेरिकेत तर हे सर्रास चालतं. बफेलोच्या अमेरिकन फुटबॉलच्या स्टेडियमसाठी 2022 मध्ये न्यूयॉर्क राज्याने 60 कोटी आणि तिथल्या काउंटीने (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) 25 कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. ओक्लाहोमा सिटीत तर डिसेंबर 2023 ला लोकांनी स्वतः मत देऊन किमान 90 कोटी डॉलरच्या बास्केटबॉल अरेनाला होकार दिला, त्यात टीमचा वाटा किती, तर 5 कोटी!! तरी 70 टक्क्यांच्या वर लोक हो म्हणाले. उलट एप्रिल 2024 मध्ये कॅन्सस सिटीवाल्यांनी स्टेडियमसाठीचा विक्रीकर पुढे चालू ठेवायला चक्क नाही म्हटलं, 58 टक्के विरोधात, आणि तिथली टीम सुपर बोल (अमेरिकन फुटबॉलची फायनल) जिंकून दोन महिनेही झाले नव्हते.

मी स्वतः फॅन आहे, नवीन अरेना झालं तर मला आनंदच आहे. पण रोजगार वाढतो, आसपासचा धंदा वाढतो, पैसा परत येतो असं जे सांगतात त्यात खरं किती? आणि द्यायचाच असेल तर कुठल्या अटीवर?

पै_पैचा_हिशेब

पैसा परत येतो हे साफ थाप आहे. अर्थतज्ज्ञ एरवी कुठल्याच गोष्टीवर एकमत करत नाहीत पण या विषयावर गेली तीसेक वर्षं जवळपास सगळे एकच सांगतायत, की स्टेडियममुळे शहराच्या उत्पन्नात किंवा रोजगारात म्हणावी तशी वाढ दिसत नाही, निदान जेवढा सरकारी पैसा जातो तेवढी तर अजिबातच नाही.

कारण साधं आहे. माणसाचं मौजमजेचं बजेट ठरलेलं असतं. मॅचला गेला म्हणजे त्या महिन्यात सिनेमाला गेला नाही, बाहेर जेवला नाही. पैसा नवीन आला नाही, शहराच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेला एवढंच, आणि तिथून पुढे मालकाकडे आणि खेळाडूंकडे, जे बऱ्याचदा त्या शहरात राहतही नाहीत. टीमने नेमलेल्या कन्सल्टंटचे रिपोर्ट वाचा, त्यात तिकिटावर खर्च झालेला प्रत्येक डॉलर 'नवीन' धरलेला असतो. असा हिशेब धरला तर काहीही फायद्यात दाखवता येतं.

रोजगार म्हणाल तर बांधकामाचे दोन-तीन वर्षांचे, आणि नंतर उरतात ते गेटवरचे, पार्किंगचे, स्टॉलवरचे, तेही मॅचच्या दिवसापुरते. अमेरिकन फुटबॉलच्या टीमचे घरच्या मैदानावर सीझनला आठ-नऊ सामने. उरलेलं वर्ष एवढी मोठी इमारत आणि तिच्याभोवतीचं पार्किंग ओस.

सिएटलचं किंगडोम स्टेडियम बघा. 1976 ला उघडलं, मार्च 2000 मध्ये सुरुंग लावून पाडलं, आणि त्याचं कर्ज लोक 2015 पर्यंत फेडत होते. म्हणजे पंधरा वर्षं नसलेल्या इमारतीचे हप्ते. माँट्रियलचं ऑलिम्पिक स्टेडियम पण 1976 चंच, त्याचं देणं 2006 ला फिटलं, सिगारेटवरच्या करातून, आणि तिथली बेसबॉल टीम तोपर्यंत शहर सोडून गेली होती.

उत्तर_स्टँड

वरच्या साहेबांचं गणित बरोबर असेल पण ते फक्त गणितच करतायत. बाग, वाचनालय, म्युझियम यांचा पैसा कधी परत येतो? तरी आपण बांधतोच ना. टीम ही पण शहराची एक गोष्ट असते, तिकीट न काढणारा माणूससुद्धा दुसऱ्या दिवशी कामावर मॅचबद्दलच बोलतो, हे कुठल्या ताळेबंदात बसवणार तुम्ही.

दुसरं म्हणजे फुटबॉल स्टेडियम आणि इनडोअर अरेना यांना एकाच मापाने मोजू नका. बास्केटबॉल टीमचे घरचे सामने 41, आइस हॉकीचे पण साधारण तेवढेच, दोन्ही टीम एका छताखाली असतील तर तिथेच ऐंशीच्या वर दिवस झाले, वर कॉन्सर्ट, कॉलेजचे कार्यक्रम, संमेलनं वेगळी. शिवाय अरेना शहराच्या मध्यभागी बसतं, लोक चालत किंवा ट्रेनने येतात. सॅक्रामेंटोचं अरेना 2016 ला डाउनटाउनमध्येच झालं, शहराने साधारण 25 कोटी डॉलर घातले, मुख्यतः पार्किंगच्या उत्पन्नावर कर्ज काढून. नाहीतर ती टीम 2013 मध्येच सिएटलला निघाली होती.

आणि सिएटलवाल्यांनाच विचारा टीम गेल्यावर काय वाटतं ते. 2006 ला त्यांनी मतदानाने ठरवलं की शहराने टीमला पैसा दिला तर निदान सरकारी रोख्यांइतका परतावा मिळालाच पाहिजे. तत्त्व म्हणून फारच छान. 2008 ला बास्केटबॉल टीम सामान बांधून ओक्लाहोमा सिटीला गेली. तीच टीम जिच्या 90 कोटींच्या अरेनाला आता तिथले लोक पैसा देतायत. उगाच देत नाहीत, त्यांना माहितीये टीम कशी येते आणि कशी जाते.

टाइमपास_बाबा

बागेत जायला तिकीट लागत नाही हो. आणि बागेचा मालक दहा वर्षांनी बाग दहापट किमतीला विकून मोकळा पण होत नाही 😄

करार_वाचक

मी पेशाने करारमदारच वाचतो, टीमचे नाही, सरकारी कामांचे. त्यामुळे 'द्यावं की न द्यावं' या भांडणात मला फार रस नाही. खरी लूट किंवा खरा फायदा आत लीजमध्ये, म्हणजे टीमशी केलेल्या भाडेकरारात असतो, आणि पेपरात येतो फक्त पहिल्या पानावरचा आकडा.

ओहायोच्या हॅमिल्टन काउंटीचं उदाहरण घ्या. 1996 ला मतदारांनी अर्धा टक्का विक्रीकर वाढवून घेतला, फुटबॉल आणि बेसबॉलची अशी दोन स्टेडियम बांधायला, आणि बदल्यात घरमालकांना मालमत्ता करात सूट देऊ असं वचन होतं. कराचं उत्पन्न अंदाजाइतकं वाढलं नाही आणि ती सूट पुढे कापावी लागली. पण मजा फुटबॉल टीमच्या लीजमध्ये आहे. त्यात पुढे कधी कुठली नवी यंत्रणा बसवायची तर खर्च काउंटीचा अशी यादी होती आणि त्या यादीत होलोग्राममधून रिप्ले दाखवणारं यंत्रसुद्धा होतं, जे तेव्हा जगात कुठेच नव्हतं. सही करणाऱ्यांनी हे वाचलं नसेल का, वाचलं असणार, पण टीम जाईल या धास्तीत सगळं चालून जातं.

लंडनचं बघा. ऑलिम्पिकचं स्टेडियम फुटबॉलसाठी बदलायला 32 कोटी पौंडांच्या वर गेले, आधीचा अंदाज 19 कोटींचा होता. 2016 पासून एका फुटबॉल क्लबला 99 वर्षांच्या भाडेकराराने दिलं, सुरुवातीचं भाडं वर्षाला 25 लाख पौंड. एवढ्या भाड्यात मॅचच्या दिवसाचे सुरक्षारक्षक, कर्मचारी असा बराचसा खर्च पण सरकारी मालकीच्या कंपनीच्या गळ्यात. म्हणजे घर आपण बांधायचं, भाडं नावापुरतं घ्यायचं आणि भाडेकरूचं लाइट बिल पण आपणच भरायचं.

अजून एक गोष्ट जी सहसा कुणी सांगत नाही. अमेरिकेत शहरांच्या बाँडवरच्या (कर्जरोख्यांवरच्या) व्याजाला केंद्राचा कर लागत नाही म्हणून ते कर्ज स्वस्त पडतं. 1986 च्या कायद्याने ठरवलं की बांधकाम खाजगी वापराचं असेल आणि 10 टक्क्यांहून जास्त परतफेड तिथल्याच खाजगी उत्पन्नातून होत असेल तर ही सवलत जाणार. हेतू असा की स्टेडियमना सवलत मिळूच नये. झालं भलतंच. सवलत टिकवायची म्हणून शहरं भाडं कमी ठेवू लागली आणि परतफेड सर्वसामान्य करांतून करू लागली. कायदा केला एकासाठी आणि वाट काढली दुसऱ्याने.

म्हणून मी बघतो ते एवढंच: खर्च वाढला तर वरचे पैसे कुणाचे, स्टेडियमला कंपनीचं नाव द्यायच्या हक्काचे आणि कॉन्सर्टचे पैसे कुणाला, छप्पर गळलं तर दुरुस्ती कुणाची, मालकाने मधेच टीम विकली तर शहराला काही हिस्सा आहे का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लीज संपतं आधी की कर्ज फिटतं आधी. लीज आधी संपत असेल तर पुढच्या वेळी तोच मालक परत दारात उभा, आणि तुमचे जुने हप्ते अजून चालूच.

खेळवेडा

बापरे, होलोग्रामचं वाचून हसू पण आलं आणि रडू पण. म्हणजे पूर्ण खाजगी पैशातून होतच नाही का कुठे?

पै_पैचा_हिशेब

होतं की. सॅन फ्रान्सिस्कोच्या बेसबॉल टीमने सरकारी पैशातल्या स्टेडियमसाठी मतदारांकडे पुन्हा पुन्हा कौल मागितला, दरवेळी नकार, शेवटी 2000 ला जवळपास सगळ्या खाजगी पैशातून बांधलं आणि टीम काही मेली नाही. 2019 ला तिथलंच बास्केटबॉल अरेना पण खाजगी पैशातून. सिएटलला सुद्धा 2021 मध्ये जुनं अरेना खाजगी पैशातून नव्याने उभं राहिलं आणि हॉकी टीम आली, हे उत्तर_स्टँड साहेबांनी सोयीस्करपणे गाळलं 😏

उत्तर_स्टँड

गाळलं नाही, पण बास्केटबॉल टीम गेल्यावर मधे तेरा वर्षं गेली तेही सांगा की. आणि सॅन फ्रान्सिस्को किंवा सिएटलसारखी श्रीमंत बाजारपेठ असेल तर बँका रांगेत उभ्या राहतात, मध्यम शहराचं काय? ओक्लाहोमा सिटीत मालक म्हणेल मी कशाला घालू, मला दुसरं शहर बोलावतंय.

करार_वाचक यांचं मात्र पटलं. द्या, पण पक्कं लिहून घ्या. आणि फायदा होईल म्हणून नको, आम्हाला टीम हवी आहे म्हणून देतोय असं उघड सांगून द्या.

पै_पैचा_हिशेब

उघड सांगितलं तर मी पण एवढं भांडणार नाही. पण मग बोजा पण नीट वाटा. विक्रीकर लावला की ज्याला तिकीट परवडत नाही तो रोजच्या खरेदीतून मालकाच्या व्हीआयपी बॉक्सचे पैसे भरतो. आणि हॉटेलवरचा कर म्हणजे पाहुण्यांचा पैसा, आपलं काय जातंय, असं लास वेगासला सांगितलं, तिथे 75 कोटी डॉलर त्यातून दिले. तो कर दुसऱ्या कामाला वापरता आलाच असता ना.

खेळवेडा

करार_वाचक, एक शेवटचं. मतदानाआधी हे लीज सामान्य माणसाला वाचायला मिळतं का?

करार_वाचक

बऱ्याचदा नाही. आधी मोघम सहमतीपत्र येतं आणि पक्कं लीज नंतर. कॅन्सस सिटीच्या मतदानात हीच मोठी तक्रार होती, मत द्यायची वेळ आली तरी लीज तयार नव्हतं. कॅन्सस सिटी दोन राज्यांच्या हद्दीवर आहे, आणि ती टीम मिझूरी राज्याच्या बाजूला खेळते. तिथे लोकांनी नाही म्हटल्यावर त्याच वर्षी जूनमध्ये पलीकडच्या कॅन्सस राज्याने कायदा करून टाकला, टीम आमच्याकडे आणा, खर्चाच्या 70 टक्क्यांपर्यंत आम्ही बाँडमधून उचलू.

टाइमपास_बाबा

म्हणजे एका राज्यातले लोक नाही म्हणाले तर शेजारचं राज्य बोली वाढवतं. मालकाला काय, त्याने नुसतं बसून ऐकायचं.

उत्तर_स्टँड

तेच तर मी मगापासून सांगतोय, टीम जाते.

पै_पैचा_हिशेब

आणि मी हे सांगतोय की ती आपल्याच पैशाने जाते. शेजारशेजारच्या राज्यांनी आपसात ठरवलं की टीम पळवायला पैसा द्यायचा नाही तर ही बोली उद्या बंद होईल, पण तसं लिहून द्यायला कुठलं सरकार तयार होतंय ते सांगा.