किल्लारीच्या भूकंपात पडलेल्या घराच्या जागी इतक्या वर्षांनी जावे का?

प्रश्न

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे झालेल्या भूकंपात आमचे घर पडले आणि त्यात माझे आई-वडील व धाकटी बहीण गेली. आमचे गाव औसा तालुक्यात, किल्लारीजवळ. मी तेव्हा शाळकरी वयाची होते. अनंत चतुर्दशीचे विसर्जन बघून रात्री उशिरा आले आणि आजीजवळ अंगणातच झोपले, म्हणून वाचले. पुढे मामांनी मला सोलापूरला नेले. शिक्षण, लग्न सारे तिथेच झाले आणि गावाचा विषय घरात कोणी काढला नाही. तो मायेपोटीच टाळला जात होता हे मला ठाऊक आहे. पण त्यामुळे आईचा चेहरा आज मला मामांकडच्या एका फोटोपुरताच उरला आहे.

आता मामा नाहीत. मुलगा बारावीला आहे आणि ‘आजीचे घर दाखव’ म्हणून मागे लागला आहे. मला जायचे आहे, तरी पाऊल उचलत नाही. ओल्या मातीचा वास आला तरी अजून छातीत धडधडते. जुन्या गावठाणात काही शिल्लक आहे का? स्मृतिदिनी जावे की इतर वेळी? आणि तिथे जाऊन नेमके करावे तरी काय?

उत्तर 1 (पुनर्वसित गावातील रहिवासी)

ताई, मन घट्ट करून एक गोष्ट आधीच सांगतो. घर म्हणून ओळखता येईल असे तिथे बहुधा काही दिसणार नाही. आपली जुनी घरे मातीत रचलेल्या दगडांची, रुंद भिंतींची, आणि वर माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे, ओझे. दर पावसाळ्याआधी त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर चढायचा. भिंती फाकल्या आणि ते सारे ओझे झोपलेल्या माणसांवर आले. ही तुमच्या वडिलांची किंवा कोणाचीच हयगय नव्हती. तेव्हाच्या नकाशात हा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात धरला जात होता आणि पिढ्यान्पिढ्या सगळे असेच बांधत आले होते. नंतर बरेच घडीव दगड आणि लाकूडफाटा लोकांनी उचलून नेला. उरलेल्या ढिगांवर बाभळी माजल्या आहेत.

म्हणून माझा आग्रह असा, की आधी नव्या गावात या आणि मग जुन्या गावठाणात जा. पुनर्वसनात 52 गावे नव्या जागी वसवली गेली आणि जमीनधारणेनुसार अडीचशे, चारशे किंवा साडेसातशे चौरस फुटांची घरे मिळाली. त्यामुळे पूर्वी भिंतीला भिंत लावून राहणारी माणसे वेगवेगळ्या गल्ल्यांत विखुरली. पण ती आहेत. आमच्याकडच्या एक वृद्ध आत्याबाई वेशीपासून मारुतीच्या पारापर्यंत कोणाच्या दारासमोर कोणाचा गोठा होता, कोणाचा आड गोड्या पाण्याचा होता, हे आजही एका दमात सांगतात. तुमच्या गावातही असे कोणी निश्चित असेल. त्यांना आईबद्दल विचारा: ती कोणत्या शेतात खुरपायला जायची, कोणाबरोबर जात्यावर बसायची, रागावली की काय म्हणायची. जे तुम्ही शोधता आहात ते त्या ढिगाऱ्यात नाही, या माणसांजवळ आहे, आणि ही पिढी आता थकत चालली आहे. नंतर त्यांच्यापैकीच कोणाला सोबत घेऊन जागेवर जा. देऊळ किंवा आडापासून पावले मोजत ते तुम्हाला तुमच्या उंबऱ्यापर्यंत नेतील.

उत्तर 2 (समुपदेशक)

वासाने धडधड सुरू होणे हे इतक्या मोठ्या आघातानंतर अगदी स्वाभाविक आहे. भूकंपानंतर त्या भागात जोराचा पाऊस झाला होता, त्यामुळे ओल्या मातीशी ती आठवण जोडली गेलेली असू शकते. पहिली भेट पावसाळ्यात ठेवू नका. थंडीत, सकाळच्या उजेडात जा. मधूनच परतावेसे वाटले तर परत या, आणि हे मुलालाही आधी सांगून ठेवा, म्हणजे तो गोंधळणार नाही. झोप उडाली किंवा भीती वाढली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतून बोलता येते.

उत्तर 3 (भूकंपात भाऊ गमावलेले एक वाचक)

उत्तर 1 मधील सल्ला मला पटतो. मात्र स्मृतिदिन टाळावा असे मी म्हणणार नाही. सप्टेंबरमध्ये पावसाची भीती आहे हे खरे, पण किल्लारीच्या स्मृतिस्तंभाजवळ त्या दिवशी जे जमतात त्यांच्यापुढे काहीच समजावून सांगावे लागत नाही, आणि मला एकट्याने जाण्यापेक्षा तेच सोसवले. पहिली भेट थंडीत करा, स्मृतिदिनाला पुढच्या वर्षी या. घरी काही विधी करायचा असेल तर अपघाती मृत्यू आलेल्यांचे श्राद्ध पितृपक्षातील चतुर्दशीला करण्याची रीत आहे.

आणखी एक, थोडे अवघड बोलतो. वडिलांच्या नावे शेती असेल आणि ती भावकीपैकी कोणी कसत असेल, तर तुम्ही हिस्सा मागायला आलात असा संशय येऊ शकतो आणि माणसे बोलायची थांबतात. तुमचा हक्क आहेच. सातबारा आणि वारसनोंद तलाठी कार्यालयात जरूर पाहा, परंतु त्यासाठी वेगळा दिवस ठेवा. पहिल्या भेटीत फक्त आईवडिलांबद्दल ऐकायला आले आहे, असे पोहोचण्याआधीच फोनवर स्पष्ट कळवा.