पीएचडीला आधी थिअरी की आधी एसपीएसएस (आकडेवारी तपासायचं सॉफ्टवेअर)?

वाशी_सेक्टर१७: परवा एका पीएचडीच्या व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) गेलो होतो, कुठे ते विचारू नका. विषय एपीएमसीतले, म्हणजे वाशीच्या बाजार समितीतले व्यापारी, भलीमोठी प्रश्नावली, रिग्रेशन, क्रॉनबॅक अल्फा, संख्याशास्त्राचं सगळं टकाटक. मी एवढंच विचारलं की २०१६ ला सरकारने फळं-भाजीपाला नियमनमुक्त केला, बाजार समितीबाहेर विकायला मोकळीक दिली, तरी एवढा माल वाशीलाच का उतरतो? मुलगी गप्प. तिचा दोष नाही हो, कोर्सवर्कमध्ये सॅम्पल साइझ शिकवला पण संस्था म्हणजे काय (इमारत नव्हे, व्यवहाराचे लिखित-अलिखित नियम) यावर कुणी एक लेक्चर घेतलं नाही. डग्लस नॉर्थ, १९९३ चा अर्थशास्त्राचा नोबेलवाला, हेच तर सांगून गेला की कायदा एका रात्रीत बदलतो, अलिखित नियम नाही बदलत. उधारी, ओळख, अडत्याचा शब्द. थिअरी पहिल्या दिवसापासून हवी, प्रश्नच ठरला नाही तर प्रश्नावली कसली डोंबलाची.

घोडबंदर_ट्रॅफिक: सर तुम्हाला बोलायला सोपंय. मी डिग्री कॉलेजात शिकवतो, नॅकच्या (कॉलेज मूल्यांकनाच्या) फाइली, सुपरव्हिजन, इलेक्शन ड्यूटी आणि उरलेल्या वेळात पीएचडी. थिअरीच्या नावाखाली काय होतं सांगू? दुसऱ्या चॅप्टरमध्ये डिमॅजिओ-पॉवेल या समाजशास्त्रज्ञांचा १९८३ चा पेपर टाकायचा, संस्था एकसारख्या का होतात त्याची तीन कारणं, सरकारचा दट्ट्या, दुसऱ्याची नक्कल आणि प्रोफेशनचे संस्कार, असं लिहून मोकळं व्हायचं, पुढे पूर्ण थिसिसमध्ये त्याचं नाव नाही. त्यापेक्षा एसपीएसएस धड आलं तर निदान दुसऱ्याचा टेबल वाचता येतो.

नेरूळ_ईस्ट: दोघांचंही पटलं नाही. मी आंब्याच्या सीझनला पहाटे फळ मार्केटात उभी राहिलेय. रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरतो, बाजूच्याला कळत नाही, आणि आपण फॉर्मवर विचारतो ‘भाव पारदर्शक वाटतो का, १ ते ५’! सगळे ४ वर टिक करतात. एका अडत्याने चहा पाजला आणि म्हणाला, मॅडम फॉर्म ठेवून जा, लाइनीतल्या सगळ्यांचे मीच भरून देतो. आता हा डेटा एसपीएसएसमध्ये घालून काय दिवे लावणार? आणि नॉर्थ वाचून तरी रुमाल कुठे दिसतो? आधी पोरांना बाजारात उभं करा, वाचायला स्वतःहून येतील.

वाशी_सेक्टर१७: ताई, रुमाल बघणारे रोज हजारो आहेत, त्यात प्रश्न तुम्हालाच दिसला कारण तुम्ही वाचून गेला होतात. नुसतं उभं राहून प्रवासवर्णन होतं.

नेरूळ_ईस्ट: वाचून गेले नव्हते सर, आंबे घ्यायला गेले होते 😀 वाचलं नंतर.

कोपरीकर: मला तर हे कोर्सवर्कच मेयर-रोवनच्या (१९७७) पेपरचं जिवंत उदाहरण वाटतं. संस्था बाहेर दाखवायला विधी पाळतात, आत काम वेगळंच चालतं. यूजीसीने किमान १२ क्रेडिट म्हटलं, झालं, पीपीटी, हजेरी, सर्टिफिकेट. २०२२ च्या नियमात थिसिसआधी पेपर छापायची सक्ती काढली, तरी आमच्या सेंटरला पेपर पाहिजेच, का तर शेजारचं सेंटर मागतं.

घोडबंदर_ट्रॅफिक: हे बरोबर बोललात. म्हणूनच म्हणतो, ज्यांना नोकरी टिकवायचीय त्यांना विधीच शिकवा पण नीट शिकवा. बाजारात उभं राहून केलेल्या कामात हायपोथिसिस (आधी मांडलेला अंदाज) नसतो, आणि हायपोथिसिस नाही तर कमिटी सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) परत पाठवते, तेव्हा नॉर्थ येत नाही वाचवायला.

वाशी_सेक्टर१७: सरसकट असं नाही. आमच्या कमिटीत हायपोथिसिस नसलेल्या सिनॉप्सिस पास झाल्यात, फक्त मुलाखती कुणाच्या, किती आणि का थांबवल्या हे चोख लिहावं लागतं. तुमची पाठवा, बघतो.

घोडबंदर_ट्रॅफिक: पाठवतो, पण मे संपल्यावर. सध्या पेपर तपासणीचे गठ्ठे आहेत.